कोट सोडून देणारा माणूस

"कट! अरे, तू करोडपती आहेस! भाड्याचा सूट घालून मिरवायला आलेला पाहुणा नाहीस!"

नववा टेक वाया गेला होता. दिग्दर्शकाने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. प्रसंग तसा साधा होता. रात्री मुखवटा चढवून लोकांचे जीव वाचवणारा नायक दिवसा एका गडगंज घराण्याचा एकुलता एक वारस असतो. तो दिवाणखान्यात येतो आणि कोट काढतो, एवढंच. पण सेट उद्या मोडायचा होता. दुपारपर्यंत जमलं नाही, तर प्रसंगच उडणार होता.

"अजून एक अंगठी चढवा याला!"

कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी अंगठी घेऊन धावल्या. चौदा वर्षं त्या या कामात होत्या. 'हात वर करा' आणि 'श्वास सोडा' यापलीकडे सेटवर कुणी त्यांचा शब्द ऐकला नव्हता. आज मात्र हिरोचं बोट हातात धरल्यावर तोंडून निघूनच गेलं, "अंगठी नको."

"मावशी, तुम्ही आपली इस्त्री बघा," सहायक खेकसला.

मावशींनी जीभ चावली. पण हिरोने हात मागे घेतला नाही. तो रडकुंडीला आला होता. "का नको? सांगा ना."

"दाखवायची हौस नव्या पैसेवाल्याला. मी एकोणीस वर्षं काढलीत अशा घरात. धाकट्या मालकांचे कपडे माझ्याकडे असायचे. बाहेरून आले, की ते कोट काढायचे आणि सोडून द्यायचे. कुठे पडतो, ते बघायचेसुद्धा नाहीत. एवढ्या वर्षांत तो एकदाही जमिनीला लागला नाही. मागे मी असायचे ना!"

दिग्दर्शक जवळ आला. "पण आपला नायक चांगला माणूस आहे, मावशी. तो असा कसा वागेल?"

"अहो, तेच तर त्याचं सोंग!" मावशींचा आवाज एकदम चढला. आता त्यांना थांबवणं कठीण होतं. "रात्री एकटा भिंती चढणारा माणूस आपल्या कपड्यांची घडी आपणच घालत असणार. हाताला सवय लागलेली. आत्ताही तो घडी घालायला जाईल, अर्धी घालेलही. तेवढ्यात समोर नोकर दिसेल. मग चटकन कोट सोडून देईल. आतून मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला, पण चेहऱ्यावर दिसता कामा नये!"

दिग्दर्शक ओरडला, "लाइट! चला, चला, लाइट!"

नोकराणीचं काम करणाऱ्या मुलीने कोट दोनदा पाडला. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकाने मावशींनाच पुढे ढकललं. त्यांच्या एप्रनला टाचण्या तशाच होत्या.

"अ‍ॅक्शन!"

हिरो आला. कोट उतरवला, बाही आत घेतली, एक घडी घातली. मग त्याची नजर मावशींवर पडली. घडी मोडली, बोटं सैल झाली आणि तो न बघता पुढे निघून गेला. मावशींचा हात आपोआप पुढे गेला. कोट अलगद त्यात येऊन पडला.

"ओके! ओके! अरे, काय शॉट दिलास!" दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता. शिडीवरच्या लाइटवाल्याने शिट्टी मारली. मघाशी खेकसणारा सहायकही टाळ्या पिटत होता.

हिरो धावत परत आला. "मावशी, तो कोट सोडताना मला खरंच लाज वाटली हो!"

"वाटायलाच हवी," मावशी हसल्या. कोटाची बाही सरळ करता करता हळूच म्हणाल्या, "धाकट्या मालकांना कधी वाटली असेल का, कोण जाणे."

"मावशी, इकडे या!" दिग्दर्शक कागद चाळत होता. "पुढचा प्रसंग जेवणाचा. हा टेबलाशी बसेल कसा?"

"मागे न बघता. खुर्ची कुणीतरी सरकवणारच, हे त्याला ठाऊक असतं."

"वा! मग आता इथेच बसा, मॉनिटरजवळ. सगळं बघून सांगा."

सहायकाने स्वतःची खुर्ची आणून त्यांच्यामागे धरली. सगळे वाट बघत थांबले. मावशींनी वळून पाहिलं, हाताने खुर्ची चाचपली, आणि मग बसल्या.