लोवेल नेमका कुणाचा?

व्हिएतनामच्या युद्धात माझा धाकटा भाऊ लोवेल याला सैन्यात भरतीचं बोलावणं आलं. त्याला जायचं नव्हतं. "कम्युनिस्ट झालायस तू!" वडील ओरडले. मग मी त्याला माझ्या ओळखीच्या हॅरिएटकडे नेलं. ती पक्की डावी. अशा मुलांना ती सीमेवरच्या आमच्या मिनेसोटा राज्यातून गुपचूप कॅनडात पोचवायची. तिचं ते स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"माझ्या जिवावर सरकारचा हक्क नाही," लोवेल म्हणाला. हॅरिएटने खूश होऊन त्याला ब्लूबेरीचा केक वाढला.

"आणि माझ्या पगारावरही नाही. कर म्हणजे चोरीच."

तिचा हात थांबला. "मग शाळा काय तुझा बाप चालवणार?" ती माझ्याकडे वळली. "अगं, हा तर कारखानदारांसारखा बोलतोय. पोलिसांनी नाही ना पाठवला?"

"माझा सख्खा भाऊ आहे तो!"

"असेल. पण डावा की उजवा?"

"दोन्ही नाही," लोवेल म्हणाला. "मला कुणी हाकू नये, एवढंच."

हॅरिएटने गाडीची किल्ली उचलली.

"चल. पण मागे नाही, पुढे बसायचं. माझ्या नजरेसमोर."