कोबीची शाई

दुपारभर स्वयंपाकघरात वाफ कोंडून राहिली होती आणि तिच्यात सगळं घरच जरासं तरंगत होतं. केक करणाऱ्या लेकीने जांभळा कोबी उकळला, रस आटवला, मलमलीतून गाळला. चिमूटभर सोडा पडताच रस निळा झाला, आणि हातातला चमचा विसरून ती बघतच राहिली. खायची शाई बाजारात तयार मिळते, पण हिला आयतं काही रुचेल तर शपथ.

आज तर कारणही तसंच होतं. आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस होता, आणि आई आता वडिलांनाच ओळखेनाशी झाली होती. त्यांना ती ‘पाहुणे’ म्हणायची, अदबीने चहा विचारायची. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोतला तरुण नवरा केकवर रंगीत होऊन उतरला, तर तिला ओळख पटेल, एवढीच लेकीची आशा. शर्टाचा रंग कुठला होता, हे तिने वडिलांना विचारलं. बहुतेक आकाशी, ते म्हणाले.

खाण्याच्या छपाईसाठीच राखलेल्या प्रिंटरमध्ये तिने शाई भरली. साखरेच्या कागदावर आकाशी शर्टातले वडील हळूहळू बाहेर आले. कागद तिने केकवर अलगद अंथरला, आणि तिथेच घोळ झाला. सवयीने तिने क्रीममध्ये लिंबू पिळलं होतं. कोबीचा निळा रंग आंबटाला टिकत नाही हे तिला पाठ होतं. पण हात कधी डोक्याला विचारतात का? केक टेबलावर येईपर्यंत शर्ट काठाकाठाने गुलाबी होत गेला. लेकीला रडू कोसळायचंच बाकी होतं.

आई मात्र वाकून बघत राहिली.

"हे आमचे," ती म्हणाली. "शर्ट पांढरा होता हो. मीच लाल पडद्याबरोबर भिजवला. हे तसाच घालून कामावर गेले, लोक हसले, पण हे मला एका शब्दाने बोलले नाहीत."

वडिलांना केवढा आनंद झाला, आणि तेवढंच आत दुखलं. लेकीने हळूच त्यांच्याकडे बोट दाखवलं, हेच ना ते? परक्याकडे पाहून हसावं तशी आई हसली.

मग तिने सुरी घेतली, शर्टाभोवतीने जपून कापलं आणि तो तुकडा बशीत काढला.

"पाहुणे, तुम्ही कडेचा घ्या. हा त्यांच्यासाठी राहू दे. दमून येतील."

वडिलांनी बशीवर झाकण ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आले की मी देतो त्यांना."