डावी बाजू तिजोरीची, उजवी तळमळीची

देशाला आजवर एकही पदक मिळालेलं नव्हतं, याचं देशाला वाईट वाटायचंच. पण पदक पैशाने मिळतं की जिद्दीने, हे अजून ठरलेलं नव्हतं, याचं क्रीडा खात्याला त्याहून वाईट वाटायचं. खात्यात दोन उपसंचालक. खोली एक, टेबलं समोरासमोर. एक म्हणायचे, "खेळाडूवर खर्च करा, पदकं धावत येतील." दुसरे म्हणायचे, "आतून आग असली की माणूस अनवाणीसुद्धा जग जिंकतो." शिपाई पहिल्यांना तिजोरीसाहेब म्हणायचा आणि दुसऱ्यांना तळमळसाहेब, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

शेवटी मंत्र्यांच्या डोक्याला ताप झाला. त्यांनी फर्मावलं, एकदाचा प्रयोग करा आणि सोक्षमोक्ष लावा. आता प्रयोगाला खेळाडू हवे दोन: एकावर पैसा ओतायचा, दुसऱ्याला नुसती जिद्द द्यायची. पण जागतिक स्पर्धेला पाठवावा असा खेळाडू अख्ख्या देशात होता एकच, आणि तो म्हणजे चिमणी.

जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून आत्याने तिला चिमणी म्हटलं. पुढे ती एकटीने फ्रिज उचलायला लागली, तरी नाव काही बदललं नाही. आत्या-भाचीचा धंदा घरसामान हलवण्याचा. लोकांची कपाटं जिन्यावरून चढवता-उतरवता चिमणी वेटलिफ्टिंगकडे वळली आणि आत्या तिची प्रशिक्षक झाली; म्हणजे पूर्वी कपाटापाशी उभी राहून ओरडायची ती आता वजनाच्या बारपाशी उभी राहून ओरडू लागली. चिमणीने तिशी ओलांडून बराच काळ झाला होता. गुडघे कुरकुरत होते. ही शेवटची संधी आहे हे तिला ठाऊक होतं, आत्यालाही ठाऊक होतं, आणि दोघी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या.

"खेळाडू एक असली म्हणून काय झालं? बाजू दोन आहेत," तिजोरीसाहेब म्हणाले. तळमळसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं पटलं.

मग एका सकाळी भूमापन खात्यातला माणूस ओळंबा, दोरी आणि खडू घेऊन घरी हजर. त्याने चिमणीला भिंतीशी ताठ उभं केलं आणि कपाळापासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली. डावी बाजू तिजोरीची, उजवी तळमळीची. नाकावरून दोन्ही साहेबांची थोडी बाचाबाची झाली; शेवटी नाक सामाईक ठरलं.

"आणि जी बाजू जिंकेल ती स्पर्धेला जाईल," तळमळसाहेब म्हणाले.

"मला अख्खी जायचंय," चिमणी म्हणाली.

"ते नंतर बघू," दोघेही एका सुरात म्हणाले. सरकारी माणसाला हे वाक्य झोपेतही येतं.

दुसऱ्या दिवसापासून घराची दशा झाली. डाव्या पायाला परदेशी बूट, उजवा अनवाणी. त्यामुळे चिमणी एका बाजूने उंच झाली आणि सरळ चालायला गेली की गोल फिरून दाराशी परत येऊ लागली. डाव्या हाताला मालिशवाला, आहारतज्ज्ञ आणि बोटांची स्वतंत्र विमा पॉलिसी. उजव्या हाताला बादल्या. डावीकडे गादी, उजवीकडे फरशी. डाव्या कानात मंद संगीत. उजव्या कानाशी तळमळसाहेब रोज सकाळी स्वतः येऊन घसा फोडून भाषण करायचे, फुकट.

रेघ कुणी ओलांडू नये म्हणून खात्याने एक मध्यरेषा निरीक्षक घरातच आणून बसवला. माणूस गरीब स्वभावाचा, पण नियमाला पक्का. चिमणी जेवायला बसली की तो समोर स्टुलावर बसून तिच्या तोंडात बघायचा.

"ताई, बदाम उजव्या दाढेखाली गेला."

"अहो रेघवाले," आत्या कडाडली, "दाढा दोन्हीकडे असल्या तरी पोट एकच आहे ना तिचं?"

"पोटाबद्दल मला सूचना नाहीत, आत्या. जेवणात माझी हद्द गळ्यापर्यंत." मग जरा घुटमळून, "भाजी थोडी आणखी मिळेल का?"

हसण्यावारी न्यावं असं हे होतं, आणि पहिले काही आठवडे त्यांनी नेलंही. पण पुढे चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं. डावा हात लाडावला. बार अर्ध्यावर नेला की थांबायचा आणि उरलेलं कुणीतरी उचलेल म्हणून वाट बघायचा. उजव्याची दुसरीच तऱ्हा. त्याला काम सांगायची गरजच उरली नाही. चिमणी खुर्चीत नुसती टेकली तरी तो खुर्ची उचलायचा. बार कधी इकडे कलायचा, कधी तिकडे. आणि स्पर्धेआधीच्या निवड चाचणीत बार सरळ वर गेला नाही तर कुठलीच बाजू कुठेही जाणार नव्हती.

"आत्या, हे हात माझे राहिलेच नाहीत गं," एका संध्याकाळी ती म्हणाली. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. निरीक्षकाने घसा खाकरला, तेव्हा तिने हात डाव्या अर्ध्या पाठीपुरता ठेवला.

चाचणीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. मंचाच्या एका टोकाला तिजोरीसाहेब, मालिशवाला आणि बदामांची वाटी. दुसऱ्या टोकाला एकटे तळमळसाहेब, कारण तळमळीला लवाजमा चालत नाही. प्रयत्न तीन. पहिल्यात डावा हात अर्ध्यावर थांबला आणि बार डावीकडे कोसळला. दुसऱ्यात उजवा इशारा व्हायच्या आधीच वर सुटला आणि बार पुन्हा डावीकडेच कोसळला. तिजोरीसाहेबांचा चेहरा पडला. चिमणी मंचावर बसून राहिली. तिला रडायचं होतं, पण कोणत्या डोळ्याने रडावं हेही आता विचारूनच ठरवावं लागेल असं तिला वाटलं आणि भयंकर राग आला.

आत्या मंचाच्या कडेला आली. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं की सामान हलवणारे जोर लावत नाहीत. जोर लावला तर भिंतीचा पोपडा निघतो आणि कपाटाचा पाय. ते कपाट जागच्या जागी उलटं फिरवतात. आत्याने आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं.

"चिमणे, अडकलंय," ती म्हणाली. "उलटं फिरव."

चिमणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, उठली आणि लोकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पंच एकमेकांकडे बघू लागले. असं याआधी कुणी केलंच नव्हतं, त्यामुळे मनाईही कुणी केलेली नव्हती.

आता झालं असं, की खात्यातली माणसं हात ओळखत नव्हती, टोक ओळखत होती. मालिशवाल्याला मंचाचं हे टोक आपलं, एवढंच माहीत. त्याने समोर आलेला खांदा पकडून तेल चोळायला सुरुवात केली, आणि तो निघाला उजवा. महिनोन्महिने त्या खांद्याला कुणी मायेने हात लावला नव्हता. तो बिचारा शहारला आणि निमूट शांत झाला. पलीकडच्या टोकाला तळमळसाहेबांनी समोरच्या कानात भाषण ठोकलं, आणि तो निघाला डावा. "आळशी! लाज नाही वाटत?" डाव्या हाताला असं कुणी बोललंच नव्हतं. तो खाडकन जागा झाला.

चिमणीने बार धरला. तो छातीपर्यंत आला, तिथे क्षणभर टेकला, आणि डोक्यावर गेला. सरळ, पाण्याच्या पातळीसारखा सरळ. उचल मान्य झाल्याचे पंचांचे पांढरे दिवे लागले. आत्या इतकी मोठ्याने ओरडली की मंत्र्यांनी कान झाकले.

"माझी बाजू वर गेली!" तिजोरीसाहेब नाचू लागले.

"माझी!" तळमळसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चिमणी बार खाली ठेवून घाम पुसत उभी होती. तिच्याकडे कुणी बघेना. दोघे साहेब तासभर भांडले आणि मग त्यांनी निर्णय सांगितला. दोन्ही बाजू पात्र. डावीला विमानाचं तिकीट खातं देईल. उजवी जिद्दीने येईल.

"म्हणजे कशी?" आत्याने विचारलं.

"ते जिद्दीने ठरवायचं," तळमळसाहेब म्हणाले. "वाटेत समुद्र आहे, हे मला मान्य आहे."

"उजवीचं तिकीट मी काढते."

"अजिबात नाही! पैसा लागला की प्रयोग बाटला."

विमानतळावर तिघं गेली: चिमणी, आत्या आणि निरीक्षक. उजवी बाजू विमानात चढू द्यायची नाही, असा त्याला सक्त हुकूम होता. रांग लांब होती. चिमणीने इतकी वर्षं उचललेलं सगळं आता या एका माणसाच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि तो माणूस आपल्या बुटांकडे बघत होता.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच हात पुढे केला. "तिकीट. किती जण?"

निरीक्षक पुढे झाला. "हे डाव्या बाजूचं तिकीट आहे. उजवी बाजू—"

"मला त्यातलं काही कळत नाही. मागे रांग आहे. माणसं किती, तेवढं सांगा."

इतके महिने निरीक्षक त्यांच्या घरी जेवला होता. चिमणीच्या दाढा त्याला पाठ होत्या, पायाची बोटं पाठ होती. हा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता. त्याने चिमणीकडे पाहिलं. तिने काउंटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"एक," तो म्हणाला. "एकच आहे."

"मग एवढं पुराण कशाला?" बाईंनी शिक्का मारून पास सरकवला. "चला, पुढे व्हा."

चिमणीला हुंदका फुटला. आत्याने तिला मागून असा धक्का दिला की ती पासासकट दारापर्यंत पोहोचली. पदक मिळेल की नाही, देव जाणे. पण तिकडे जाऊन बारखाली उभी राहणार होती ती अख्खी चिमणी.