ओला सरस

फळीच्या कडेला सरसाचा एक थेंब आला होता, पिवळट, फुगीर. क्षमा तो नखाने खरवडत होती, जरी दत्ताराम कामावर जाताना बजावून गेला होता की मी येईपर्यंत शिकंज्यांना हात लावायचा नाही, आत सरस ओला आहे.

लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून, त्याला स्केटबोर्ड करायचा होता. अँजेलिनासाठी. ती त्याच्या कंपनीतली टायपिस्ट, मरोळ गावठाणातली. तिच्या भावाचा परदेशी बोर्ड मोडला आणि हा बोलून बसला, त्यात काय, घरी बनवतो की! तेव्हापासून मुलुंडच्या या एका खोलीत पाळण्याखालीसुद्धा भुसा. आणि त्याचा हात... पापुद्र्यावरून तो किती हळू फिरतो, रेषा शोधत, डोळे अर्धे मिटून — माझ्या पाठीवरून तो असा कधी फिरला होता? बाळंतपणाच्या आधी. नक्की आधी.

गेल्या रविवारी पहिली फळी झाली. अँजेलिना चपला काढून तिच्यावर चढली, तोल सावरायला त्याच्या खांद्यावर हात. "दत्ता, जास्तच वाकते रे ही!" दत्ता. रे. आणि मी अजून 'अहो'वरच...

"मी बघू का चढून?" क्षमाने विचारलं होतं.

"तू? मग खाली जॅक लावावा लागेल!" दत्ताराम म्हणाला.

तिघंही हसली. क्षमा सगळ्यांत जोरात, इतकी की बाळ उठलं, आणि पाजायचं निमित्त करून तिला भिंतीकडे तोंड करता आलं.

आता बाळ झोपलं होतं, मूठ गालाशी. क्षमाने शिकंजे सैल केले. दुसरी फळी दोन पाटांवर आडवी ठेवली, पदर खोचला आणि उभी राहिली. फळी वाकली, पण सोसत, समजून घेत वाकली, तळव्यांखाली जिवंत काही असावं तशी — बघा, कुठं आहे मी जड, बघा ना — आणि आत कुठेतरी बारीक कट् झालं.

बाहेरून काहीच दिसेना. तिने फळी परत साच्यात घातली, शिकंजे हात दुखेपर्यंत आवळले.

संध्याकाळी दोघं बरोबरच आली. "क्षमा, बाळीला टोपी विणलीय गं, बघ होते का," अँजेलिना म्हणाली. टोपी इतकी मऊ होती की क्षमाला तिचा राग आला.

दत्तारामने फळी काढली, कडेवरून बोट फिरवलं. "झकास! चढ."

अँजेलिनाने चपला काढल्या, केस कानामागे घेतले आणि हळूच त्याच्याकडे पाहिलं. तो फळी पाटांवर नीट बसवत होता. त्याने मान वर केली नाही. तिची नजर तशीच रिकामी परत आली — आणि ते रिकामं परतणं क्षमाने ओळखलं, रोजचं, स्वतःचं असल्यासारखं. मग इतके दिवस मी जळत होते ती कुणावर?

अँजेलिनाने पाय उचलला.

"थांब गं!" क्षमा ओरडली.

पाय अधांतरी राहिला. "का गं, काय झालं?" दत्तारामने विचारलं, आणि त्याची नजर लाकडावरून उठून तिच्यावर आली, सबंध, कितीतरी दिवसांनी, रेषा शोधत असल्यासारखी. सांगायलाच हवं होतं. ओठांवर आलंही होतं. सांगितलं की ही नजर पुन्हा फळीकडे जाईल... सांगते, सांगतेच आहे मी — एवढं एकदा बघून घ्या माझ्याकडे.