ब्याण्णव मीटरची दोरी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. रेघकाकांनी मला तसं बजावलं होतं, आणि तेही एकदा नाही, दर हंगामाच्या सुरुवातीला. मैदान आखून झालं की मला गुंडाळून खिळ्याला अडकवताना ते हळूच म्हणायचे, "तू गप्प राहा बाई, मीही गप्प राहतो." बावीस वर्षं मी गप्प राहिले. तशीही मी कमीच बोलते. पण आत्ता बाहेर मैदानावर एक साहेब लोखंडी फीत घेऊन उभे आहेत, आणि इथे खोलीत माझ्यापासून दोन हातांवर बंब पेटलाय. आज सामना नाही. कुणाला आंघोळ करायची नाही. मग बंब कशासाठी पेटवलाय, हे मला कळतंय.

मी दोरी आहे. फुटबॉल क्लबचं मैदान मोजायची दोरी. सुती, अंगठ्याएवढी जाड, रंगानं एके काळी पांढरी.

एकावन्न वर्षांपूर्वी बस डेपोतल्या अकरा कामगारांनी आणि एका टेलरनं मिळून हा क्लब काढला. अकरा जण खेळणार होते आणि टेलरना खेळता येत नव्हतं, म्हणून ते अध्यक्ष झाले. पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा मिळाली. कागदावर एवढंच लिहिलं होतं : 'टाकीच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत.' मैदान आखायला माप हवं, म्हणून टेलरआजोबांनी मला विकत आणलं आणि दुकानाच्या फरशीवर पसरून आपल्या टेपनं मोजलं. जिथून माप सुरू होतं त्या टोकाला त्यांनी पिवळा धागा गुंडाळला. दर दहा मीटरवर लाल धागा. ब्याण्णव मीटरवर निळा. त्यापुढे पाच मीटर मोकळं शेपूट सोडलं, खुंटीला वेढे द्यायला.

"मैदान म्हणजे काय, मोठा सदराच," ते म्हणायचे. "दोन्ही बाह्या सारख्या आल्या पाहिजेत."

मग टाकीच्या भिंतीजवळ जमिनीत एक लोखंडी खुंटी ठोकली. माझं पिवळं टोक तिला बांधायचं, मला ताणत न्यायचं, आणि निळा धागा येईल तिथे पलीकडचे गोलचे खांब रोवायचे. माझ्या कडेकडेनं चुन्याची फक्की टाकत गेलं की रेघ सरळ यायची. भिजले तर मी आखडते, म्हणून मला आधी उन्हात वाळवावं लागे. टेलरआजोबा त्याबाबतीत फार कडक. एकदा कुणीतरी मला घेऊन दोरीच्या उड्या मारल्या, तर त्याला तीन सामने बाहेर बसवलं होतं.

पहिला सामना क्लब नऊ-शून्यानं हरला. दुसरा सात-शून्यानं. "सुधारतोय आपण," टेलरआजोबा म्हणाले.

रेघकाका आले ते माझ्या पंचविसाव्या वर्षाच्या आसपास. डेपोत मेकॅनिक. खेळायला आले होते, पण गुडघा दुखावला आणि फक्कीची पाटी हातात आली ती कायमची. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. त्यांच्या हाताचं ग्रीस माझ्या मधल्या भागाला लागलंय, ते काही निघत नाही. ते मला कधी ओढत नसत, हातांवरून सोडत नेत. माणूस वस्तू कशी खाली ठेवतो यावरून त्याचा स्वभाव कळतो, असं माझं मत आहे. काका मला खाली ठेवतच नसत, टांगत असत.

म्हणूनच त्यांनी जे केलं, ते मला आधी खरंच वाटेना.

हंगाम संपलेला होता. पलीकडचे लाकडी खांब कुजून बुडाशी मोडले होते, नवे बसवायचे होते. काकांची लेक तेव्हा चार वर्षांची होती, आणि तिला झोका हवा होता. काका घाईत खोलीत आले. गुंडाळीतून माझं एक टोक बाहेर लोंबत होतं. ते धरलं, चार हात मोजले, आणखी चार हात मोजले, आणि करवतीच्या पात्यानं कापलं. "चार मीटरनं काय होतंय," ते पुटपुटले. "शेपूट तर नुसतं पडूनच असतं."

पण ते शेपूट नव्हतं. ते माझं पिवळं टोक होतं.

नव्या हंगामात काकांनी पिवळा धागा न बघताच नेहमीसारखं टोक खुंटीला बांधलं, बाकीच्यांनी मला ताणत नेलं, निळा धागा आला तिथे खड्डे खणले. नवे खांब उभे राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका चालत चालत पलीकडे गेले, खांबांच्या मागे उंच गवतात शिरले, आणि त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. जुन्या खांबांचं बूड. नव्या खांबांच्या मागे, चार मीटरवर.

ते तिथेच खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावर होते, म्हणून मला त्यांच्या छातीची धडधड कळली. मग ते उठले, मागे वळून कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि दोन्ही बुडांवर बुटानं माती लोटली.

सांगणार होते ते. दुसऱ्या दिवशी टेलरआजोबांच्या दुकानापर्यंत गेलेही. आजोबा तेव्हा आजारी होते, तरी चष्मा लावून काजं करत होते. काकांना बघताच म्हणाले, "काय रे, माझी दोरी बरी आहे ना?"

"बरी आहे," काका म्हणाले.

तिथेच सगळं चुकलं. दोन महिन्यांनी आजोबा गेले, आणि मग सांगायचं कुणाला, हा प्रश्न काकांना सोयीचा झाला.

मैदानाच्या त्या बाजूला लाकडाची वखार आहे. वखारवाल्यांनी दोन वर्षांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं मैदान नक्की कुठवर हो?" तेव्हा टेलरआजोबांची मुलगी सेक्रेटरी झाली होती. तिनं सरळ रेघ दाखवली. "ती आमची रेघ. तिच्यामागे तीन पावलं सोडून जे काय ते तुमचं." आठवड्याभरात कुंपण चार मीटर पुढे सरकलं. जुन्या बुडांवर फळ्यांची थप्पी आली. काका कडेला उभं राहून बघत होते.

इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण कुणी मोजलंच नाही. खालच्या गटात कोण मोजतंय? पुरुषांचा संघ हळूहळू विरत गेला. कुणी बदलीवर गेलं, कुणाचं पोट सुटलं. आठ वर्षांपूर्वी बायकांचा संघ निघाला, तेव्हा वखारीतली माणसं फळ्यांवर बसून हसायची. "भाकरीसारखा गोल आहे म्हणून बॉल खेळता येतो असं नाही, ताई!" असं कुणीतरी ओरडलं होतं. त्यावर आमची गोलकीपर म्हणाली होती, "भाकरी तुम्ही थापा, बॉल आम्ही बघतो."

ती गोलकीपर म्हणजे काकांची लेक. झोक्यावाली. सकाळी पोस्टात टपाल लावते, संध्याकाळी गोलमध्ये उभी राहते. यंदा तिनं शेवटच्या सामन्यात पेनल्टी अडवली, आणि एकावन्न वर्षांत पहिल्यांदा क्लब वरच्या गटात गेला.

वरच्या गटाचा नियम आहे : मैदान किमान नव्वद मीटर. कमी भरलं तर जागा नाही. तेच मोजायला हे साहेब आलेत. आणि इथे सामने झाले नाहीत, तर हे मैदान भाड्यानं मागायला वखारवाले अर्ज लिहून तयार आहेत.

सगळे निर्धास्त होते. ब्याण्णव आहे ना आपलं! सकाळी सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "साहेबांना आमच्या अप्पांची दोरीपण दाखवू. एकावन्न वर्षांची आहे, बघू देत." ते ऐकून काका खोलीत आले. त्यांनी बंबात ढलप्या भरल्या आणि काडी ओढली.

आत्ता खिडकीतून आवाज येतोय. फीत गुंडाळल्याची खरखर. मग साहेबांचा आवाज.

"सत्त्याऐंशी मीटर, शहाण्णव सेंटीमीटर."

वखारीतली करवत बंद होती. वखारवाले कुंपणाला टेकून उभे असणार, त्यांच्या खोकल्यावरून कळलं.

"परत मोजा," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"बाई, दोनदा मोजलं."

"मग तिसऱ्यांदा मोजा! आमच्या अप्पांचं माप आहे ते. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं त्यांनी शिवलेल्या कपड्यांत झालीत. चार मीटर चुकतील ते? दादा, दोरी आणा हो! आणा ती दोरी!"

रेघकाका आत आले. दार लोटून घेतलं. मला खिळ्यावरून काढलं, आणि पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मला ओढलं. बंबाचं तोंड उघडलं. माझ्या मोकळ्या शेपटाला धग लागली. सूत जळायला लागलं की त्याचा वास आधी त्याला स्वतःलाच येतो. टोक आत, मग बाहेर. पुन्हा आत.

दार उघडलं. लेक होती.

"बाबा? सगळे थांबलेत बाहेर. आणि हे काय? बंब कशाला?"

काकांनी मला मागे लपवलं. नव्वद मीटर दोरी कुणाच्या पाठीमागे मावते का!

"उंदरांनी खाल्लीय ती," ते म्हणाले. "दाखवण्यासारखी नाही राहिली."

"दाखवा बघू."

"नको गं."

"बाबा, दाखवा."

तिनं माझं कापलेलं टोक हातात घेतलं. दिवसभर पाकिटांवरचे पत्ते वाचणारी मुलगी ती, तिची नजर चुकत नाही. "हे उंदरांनी नाही खाल्लेलं. सरळ कापलंय."

काका पत्र्याच्या डब्यावर बसले.

"तुझा झोका आठवतो तुला?"

"दाराच्या चौकटीला होता तो? आठवतो की. त्याचीच तर..." ती थांबली. कोपऱ्यात तिची किटबॅग होती. तिचं तोंड आवळायला वेढ्यावर वेढे देऊन जी दोरी बांधलीय, ती मी रोज बघते. रोज. तीन पावलांवर असते ती माझ्यापासून, माझाच तुकडा, आणि तिच्या टोकाला मळका पिवळा धागा आहे. आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही. मला परवानगी नव्हती.

"किती वर्षं झाली?" लेकीनं विचारलं.

"बावीस."

"बावीस वर्षं, बाबा?"

"उद्या सांगू म्हणत होतो."

"आणि आज जाळत होतात."

काका रडले नाहीत. फक्त म्हणाले, "जुन्या खांबांची बुडं आहेत अजून. फळ्यांच्या थप्पीखाली. मीच माती टाकली त्यांच्यावर. पण आता बोललो, तर लोक काय म्हणतील? सेक्रेटरीबाईंचा मेलेला बाप एकावन्न वर्षं खोटा ठरला नाही, आणि मी..."

"मला आवडायचा तो झोका," लेक म्हणाली. "मला कशाला आवडू दिलात?"

मग तिनं बॅग उलटी केली. हातमोजे, पाण्याची बाटली, एक सफरचंद, सगळं फरशीवर. दोरी ओढून काढली. तिचं कापलेलं टोक माझ्या कापलेल्या टोकाला लावलं. पीळ पिळाला बसला. मला एकदम आखडल्यासारखं झालं, न भिजताच.

"मी नाही नेणार," ती म्हणाली आणि आम्हा दोघींना काकांच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही न्या. मी तुमच्या शेजारून चालते. पण बोलायचं तुम्ही."

"आणि त्यांनी मला क्लबातून काढलं तर?"

"तर मी फक्की मारायला शिकेन. रेघा तुमच्यापेक्षा वाकड्या नाही यायच्या."

बाहेरून सेक्रेटरीबाई ओरडल्या, "अहो दादा, दोरी आणताय की विणताय?"

काका उठले. बंबाचं झाकण लावलं. मला नेहमीसारखं वेढे घालून उजव्या खांद्यावर घेतलं, आणि माझा धाकटा तुकडा डाव्या मुठीत धरला. त्यांची छाती त्या दिवशीसारखीच धडधडतेय. दारापर्यंत सात पावलं आहेत, त्यातली चार झाली.

तेवढ्यात मला तुमच्याशी बोलून घेऊ दे. ते बाहेर बोलताना अडखळतील, तेव्हा हसू नका. त्यांनी चूक केली, पण माझ्यावर एकदाही फक्की सांडू दिली नाही. साहेब म्हणतील, दोरीचा काय भरवसा. तर साहेबांना म्हणावं, आम्हा दोघींना टोकाला टोक लावून धरा, पिवळं टोक त्या खुंटीला बांधा, मला ताणा, आणि निळा धागा जिथे पडेल तिथल्या फळ्या उचला. आणि सेक्रेटरीबाईंना तेवढं सांगा की त्यांच्या अप्पांचं माप बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, फक्त

"दादा! दोरी!"

"आणतोय," रेघकाका म्हणाले, मोठ्यानं.