दस्तात न आलेली वाट

गफूर वीस-बावीस वर्षांचा असताना लोणावळा स्टेशनाबाहेर टांगा लावून उभा राहायचा. मुंबईहून हवा खायला येणारी मंडळी त्याच्या टांग्यातून खंडाळ्याला जात, आणि वळणावर दरी दिसली की हटकून विचारत, "इथं एखादी जागा मिळेल का रे?" पहिली दोन-तीन वर्षं तो नुसता हसून घोडा हाकायचा. मग एकदा त्याने एका वकिलाला ओळखीच्या माणसाचा खडकाळ तुकडा दाखवला आणि पंधरा दिवसांत सौदा झाला. त्यानंतर टांग्यात बसलेल्या माणसाकडे तो निराळ्या नजरेने बघू लागला.

त्याची आई जैतुनबी याच मंडळींच्या बंगल्यांतून भांडी घासायची. शेठाणी तिला नावाने कधी हाक मारत नसत. "ए बाई" एवढंच. आपल्याला मात्र या लोकांनी नावाने ओळखावं, खुर्ची पुढे करावी, असं गफूरच्या मनाने फार लवकर घेतलं होतं.

सन एकोणीसशे सतराच्या उन्हाळ्यात कापसाचा एक मोठा व्यापारी जागा बघायला आला. त्याला आवडला तो अंबूबाईचा माळ. अंबूबाई विधवा बाई, गफूरच्या आईच्या ओळखीची. माळावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं. पण एका कातळाखाली झरा होता, आणि खालच्या वाडीतल्या साऱ्या बायका भर वैशाखातही तिथूनच हंडे भरून नेत. अंबूबाईला माळ विकून मुलासाठी, मारुतीसाठी, खाली भाताचं खाचर घ्यायचं होतं.

"इकते मी," ती गफूरला म्हणाली, "पर पान्याची वाट ऱ्हायला हवी बग. समद्या वाडीचं पानी हाय त्ये."

"पाण्याला कोण अडवतंय, मावशी? मी सांगतो शेठला."

वडगावच्या कचेरीत खरेदीचा दस्त तयार झाला. अंबूबाई बाहेर झाडाखाली बसली होती. सही करण्याआधी शेठने चष्म्यावरून पाहत विचारलं, "गफूर, या जमिनीवर कुणाची वहिवाट, पाण्याचा हक्क असं काही नाही ना?"

गफूरला माहीत होतं, दुसऱ्या एका दलालाने शेठला कालच खंडाळ्यात एक जागा दाखवली आहे. आता पाण्याची गोष्ट काढली, तर शेठ विचार करतो म्हणून उठेल आणि परत यायचा नाही. एवढा मोठा सौदा त्याच्या हातून आजवर झाला नव्हता.

"काही नाही, शेठ," तो म्हणाला.

मग अंबूबाईला आत बोलावून तिचा अंगठा घेतला.

पावसाळा सरल्यावर माळाभोवती दगडी भिंत उठली. अंबूबाई तडक गफूरच्या दारात आली. रागाने नव्हे, भांबावून. "ह्ये काय झालं रं?"

खरं सांगायची तीच वेळ होती. गफूर जमिनीकडे बघत म्हणाला, "शेठनं शब्द फिरवला, मावशी. मोठ्या लोकांपुढं आपलं काय चालतंय?"

"तुजा काय दोस, लेकरा," अंबूबाई म्हणाली, आणि उलट त्याच्याच पाठीवरून हात फिरवून गेली.

त्या दिवसापासून बायका खाली ओढ्यावर जाऊ लागल्या. तिथली उतरण निसरडी. मारुतीची बायको, नंदाबाई, हिच्या लग्नाला नुकतं वर्ष झालं होतं. एका सकाळी भरल्या हंड्यासकट ती शेवाळावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण एक पाय आखूडच राहिला.

गफूरचं नशीब मात्र उघडत गेलं. टांगा गेला, बाजारात पेढी झाली, लोक त्याला गफूरशेठ म्हणू लागले. बंगल्यांच्या ओसरीवर त्याच्यासाठी खुर्ची येऊ लागली. त्याने वाडीत विहीर खणायला घेतली, तर खाली कातळ लागला. दुसरी खणली, तिचं पाणी शिमग्याला आटायचं. मग त्याने शाळेसाठी पक्की दगडी खोली बांधून दिली. गफूरशेठचा हात मोठा, असं चारी गावांत झालं. हात कशापायी मोठा झाला ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

शाळेचा नारळ अंबूबाईने फोडावा असा आग्रह त्यानेच धरला. तिने फोडला आणि साऱ्या वाडीसमोर म्हणाली, "पान्यासाटी ह्यो शेठासंगं भांडला. शेठ खोटा निगाला, पर ह्यो आमास्नी इसरला न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गफूर गळ्यातल्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या खुडत उभा राहिला.

बेचाळीस साली शेठने निरोप पाठवला. शेठ आता थकला होता, त्याला माळावरचा बंगला विकायचा होता. ओसरीवर दोघे बसले असताना तो सहज म्हणाला, "मागच्या बाजूला झरा आहे बघ. सगळं पाणी दरीत वाया जातं. आम्हाला तर नळ आहे. खालच्या लोकांना चाललं असतं."

"पण शेठ, भिंत तुम्हीच घातली की."

"गुरं शिरू नयेत म्हणून. कुणी सांगितलं असतं तर फाटक ठेवलं असतं, कागदावरही लिहून दिलं असतं. माझं काय जात होतं? मी तर तुला विचारलं होतं."

पंचवीस वर्षं गफूरने स्वतःची समजूत घातली होती, की वाट मागितली असती तरी शेठ नाहीच म्हणाला असता. तेवढा एकच आधार होता, तोही गेला. मग त्याने कागद मागितला. शेठने त्याच संध्याकाळी वाट लिहून दिली आणि नव्या दस्तात ती घालायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी गफूर वाडीवर गेला. अंबूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची सून नंदाबाई लंगडत दाराशी आली.

"झऱ्याची वाट मोकळी झाली," तो म्हणाला. "आणि एक सांगायचंय, नंदाबाई. शेठनं शब्द फिरवला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं. मीच नाही म्हणालो."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आत्याबाई मरस्तवर शेठाला तळतळाट देत हुत्या," ती अखेर म्हणाली. "आन् सनासुदीला तुमचं नाव काडायच्या."

"व्हय."

"त्या हुत्या तवा का न्हाई सांगितलं, गफूरभाऊ?"

त्याने वाटेचा कागद पुढे केला. नंदाबाईने तो घेतला, नीट घडी करून कनवटीला खोचला. "सकाळी पोरींना सांगते. त्यांना तरी जवळ हुईल," म्हणाली आणि आत वळली.

त्या वाडीत गूळपाणी घेतल्याशिवाय त्याला आजवर कुणी जाऊ दिलं नव्हतं. गफूर जरा वेळ अंगणात थांबला, मग जोडे घालून वाटेला लागला.