करिता

हेमांगीने माझा रिझ्युमे परत पाठवला तेव्हा भाऊंना जाऊन साडेतीन महिने झाले होते. भाऊ म्हणजे माझे वडील, ॲड. चुडामण देवरे, धुळे. अशील त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून आम्ही घरातही भाऊच म्हणायचो. हेमांगी जळगावच्या एका केळी निर्यात कंपनीत नोकरभरती बघते. रावेर-जामनेरकडच्या शेतकऱ्यांशी खरेदीचे करार करायचे, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, कागद नीट ठेवायचे, अशी ती जागा होती. वकील त्यांना नको होता. त्यांचा वकील पुण्याला आहे.

मी पाच पानं पाठवली होती. परिच्छेदांना क्रमांक घातले होते, स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असा केला होता आणि शेवटी 'कलम एक ते एकवीसमधील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे' असं लिहून खाली ठिकाण, तारीख आणि सही केली होती. हेमांगी फोनवर हसली नाही, हे तिचे उपकार. मॅडम, हे जरा कोर्टाचं वाटतंय, एवढंच म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मी उलटतपासणीचं संवादकौशल्य केलं. वीस वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांना एका बांधावर उभं करून तडजोड घडवली होती, तिचं टीमवर्क झालं. भाऊंच्या ऑफिसातली अकरा वर्षं एका पानावर आली आणि खाली दोन बोटं जागाही उरली.

ते पान तिला आवडलं. फक्त अनुभवाचा दाखला लागेल, म्हणाली. ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्या लेटरहेडवर, सोमवारपर्यंत.

इथे माझं अडलं. कोर्टात प्रत्येक प्रकरणात अशील वकीलपत्र देतो, की माझ्यातर्फे अमुक वकील काम बघतील. त्या कागदावर ज्याचं नाव, तो वकील. मी वकिलीची सनद घेऊन ऑफिसात आले तेव्हा भाऊ म्हणाले, तुझं नाव आत्ता नको, लग्न झालं की आडनाव बदलेल, मग शे-दीडशे कागद दुरुस्त करत बसावं लागेल. ते खरंही होतं. मग मी भाऊंच्या नावापुढे 'करिता' लिहून सही करायला लागले. लग्न जमलं नाही, आडनाव बदललं नाही आणि तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. सहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ जितेंद्र वकील झाला, त्याच आठवड्यात नवीन वकीलपत्रं आणि लेटरहेड छापून आली. त्यावर दोन नावं होती, भाऊंचं आणि त्याचं. जितेंद्र जळगावला प्लॉटचे व्यवहार करायचा. धुळ्याच्या कोर्टात तो बार असोसिएशनच्या निवडणुकीपुरता यायचा.

मी भाऊंना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं, उद्या शिंदखेड्याच्या मॅटरमध्ये कोण उभं राहतंय. मी आहे, म्हटलं. ते म्हणाले, "जितूला कळव." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलू शकले नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टरांचं म्हणणं मान्य केलं आहे.

वकील वारला की त्याने घेतलेली वकीलपत्रंही संपतात. जुन्या कागदांवर जितेंद्रचं नाव छापलेलं असलं तरी स्वीकारल्याची सही एकट्या भाऊंची होती, म्हणून सगळ्या अशिलांना बोलावून नवी घ्यायची होती. आमची एकशे त्रेचाळीस प्रकरणं होती. कोर्टात शोकसभा झाली, त्यात दोघातिघांनी भाऊंचा वारसा जितेंद्र पुढे चालवेल असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो भाऊंच्या खुर्चीत बसला. नव्या वकीलपत्राचा नमुना मीच टाईप केला. त्यावर त्याचं आणि माझं अशी दोन नावं घातली. त्याने ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, एकच ठेव अक्का, लोक गोंधळतात. त्याच आठवड्यात मी नोकरीच्या जाहिराती बघायला लागले.

दाखल्यासाठी आधी मी जितेंद्रकडे गेले नाही, बार असोसिएशनकडे गेले. तिथले कारकून समाधान म्हणाले, तुमच्या नावाची वकीलपत्रं दाखवा, लगेच देतो. वकीलपत्रं नाहीत तर रोजनामा तरी आणा. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. मी दोन दिवस नोंदी काढत बसले. जवळजवळ सगळीकडे एकच वाक्य होतं, 'वादीतर्फे वकील हजर.' एका ठिकाणी मात्र 'ॲड. करिता देवरे हजर' असं होतं. बदलून आलेल्या कुठल्या तरी कारकुनाला तो शब्द माझं नाव वाटला होता. समाधान मनापासून हसले. म्हणाले, मॅडम, या करिता मॅडमला दाखला देता येईल, पण त्यांची सनद कुठे आहे? मीही हसले. दुपारपर्यंत बाररूममध्ये सगळे मला करिता मॅडम म्हणत होते.

मग जितेंद्र. दाखल्याचा मसुदा मीच करून नेला, कारण त्या ऑफिसातला प्रत्येक मसुदा मीच करते. तो एरवी न वाचता सही करतो. हा त्याने वाचला.

"'स्वतंत्रपणे चालवले' हे काढावं लागेल," तो म्हणाला.

"का?"

"माझ्या अशिलांच्या हाती हा कागद पडला तर? ते म्हणतील, मग हा काय करत होता."

"तुझे अशील?"

"आता माझेच ना, अक्का."

त्याने ते दोन शब्द खोडून वर 'कामात मदत केली' असं लिहिलं. अक्षर अगदी भाऊंसारखं आहे त्याचं. मी तो मसुदा पुन्हा टाईप केला. त्यावर तो सही करेनाच. म्हणाला, आधी वकीलपत्रं पुरी कर, तू गेलीस तर हे लोक मी कुठे शोधू. दाखला त्याने ड्रॉवरमध्ये ठेवला.

शनिवारपर्यंत एकशे बेचाळीस झाली. राहिले एक झुलाल आबा, शिंदखेड्याकडच्या खेड्यातले, वहिवाटीच्या रस्त्याचा दावा. दुपारी ते आले, टोपी काढून मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसले. आतल्या खोलीत जितेंद्र निघायच्या तयारीत होता.

भाऊंचा एक नियम होता, कागद वाचून दाखवल्याशिवाय अशिलाची सही घ्यायची नाही. त्यासाठी त्यांनी वकीलपत्राच्या खाली एक ओळच छापून घेतली होती, 'वरील मजकूर अशिलास वाचून दाखवला', आणि वाचणाऱ्याच्या सहीला जागा. आबांना स्वतःचं नाव लिहिता येतं, वाचता येत नाही. मी वाचायला लागले. जितेंद्रच्या नावावर त्यांनी मला थांबवलं.

"हाऊ कोन शे?"

भाऊंचा मुलगा, मी सांगितलं.

"त्याले मी वळखत नही. पाच वरीस व्हयनात, कोर्टमा तूच उभी राहस. तुन्हं नाव कोठे शे यामा?"

आता हेच नाव असतं आबा, मी म्हटलं. काम तेच होईल.

"तुन्हं नाव राही तं सही करसू. नही तं मन्हा कागद माले परत दे." ते चिडले नव्हते. बाजारात वजन कमी भरलं तर माणूस जसं सांगतो, तसं त्यांनी सांगितलं.

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी सोडून चालले आहे, नोकरीसाठी सनद स्थगित करण्याचा अर्ज मुंबईला बार कौन्सिलकडे गेला आहे, पुढच्या तारखेला तिथे मी नसेन. तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात जितेंद्रने आतून विचारलं, झालं का त्यांचं, मला उशीर होतोय. मी कागद घेऊन आत गेले. पाणी प्यायले. तोच कागद घेऊन बाहेर आले.

"मघाशी चुकीचा कागद घेतला होता, आबा," मी म्हणाले. "हा ऐका."

आणि मी वाचलं. खाली सही करणार झुलाल वना, धंदा शेती, लिहून देतो की माझ्यातर्फे हजर राहून काम चालवण्यास, युक्तिवाद करण्यास, तडजोड करण्यास मी ॲड. मोहिनी चुडामण देवरे यांना वकील नेमले आहे. कागदावर जितेंद्रचं नाव छापलेलं होतं. माझी नजर त्यावरच होती. आवाज जराही हलला नाही, अकरा वर्षांची सवय.

"आते बराबर," आबा म्हणाले. पेन मुठीत धरून त्यांनी तीन अक्षरं काढली, प्रत्येक अक्षरानंतर थांबत. मग कागद माझ्याकडे सरकवला. वाचून दाखवला त्या ओळीखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मोहिनी चुडामण देवरे, आणि सही केली.

दारात चपला घालताना त्यांनी तारीख विचारली. एकोणीस, मी म्हणाले. तू येशी ना, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यातून त्यांना जे समजायचं ते समजलं आणि ते स्टँडकडे गेले.

जितेंद्रने आबांची सही पाहिली. खालची ओळ पाहिली नाही. ड्रॉवर उघडून त्याने माझ्या दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून राहिला. मग म्हणाला, सोमवारी ऑफिसची किल्ली वरच्या मजल्यावर घरमालकीण प्रमिलाबाईंकडे देऊन जा.

मी दाखल्याचा फोटो हेमांगीला पाठवला. अर्ध्या तासात तिचा निरोप आला, चालेल मॅडम.